पदराआडचं नाव

म्हसावदच्या तंबू टॉकीजचे ऑपरेटर सुपडू मिस्त्री यांना कुणी नावानं हाक मारलेली खपत नसे. एकदा पोस्टमननं पाकिटावरचं नाव मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, तर मिस्त्री ओट्यावरून उठले आणि त्यांनी त्याच्या हातातलं पाकीट काढूनच घेतलं. "मिस्त्री म्हन ना भाऊ. बठ्ठं गाव म्हनस." पोस्टमन बिचारा नवा होता. जाताना मला म्हणाला, "बाई, फार शिष्ट माणूस दिसतो." शिष्टपणा मिस्त्रींच्या अंगात औषधालाही नव्हता. मला त्यामागचं कारण माहीत होतं, आणि ज्यांना ते माहीत नव्हतं त्यांचा मला हेवा वाटायचा.

मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून मी म्हसावदला रुजू झाले ती छप्पन-सत्तावन्नच्या सुमारास. तेव्हा आमचं जिल्ह्याचं ठिकाण धुळं. मिस्त्रींच्या शेजारची खोली मला भाड्यानं मिळाली. मी घाटावरची, माझी भाषा पुस्तकातली. पहिले दोन महिने शेजारणी मला हसायच्या आणि मी त्यांना. मिस्त्रींची बायको केसर हिनं मला बोलायला शिकवलं. बारीक, सावळी, सदा हसरी मुलगी. हसू आलं की पदराचा बोळा करून तोंडावर धरायची, आणि तिला हसू कशाचंही यायचं. माझ्या 'अहो' म्हणण्याचं, माझ्या स्टोव्हच्या आवाजाचं, वर्गातल्या मुली ओळीनं जाताना दिसल्या तर त्याचंसुद्धा.

टॉकीज म्हणजे ताडपत्रीचा तंबू. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे, मध्ये कापडाची आडभिंत. सगळे खाली जमिनीवर. वीज गावात आली नव्हती, तंबूमागं तेलाचं इंजिन धडधडायचं. पाऊस सुरू झाला की तंबू उतरायचा आणि दिवाळीनंतर पुन्हा उभा राहायचा. मागच्या पत्र्याच्या खोलीत मशीन आणि मिस्त्री.

मशीनवर त्यांचा भारी जीव. सकाळी आंघोळ झाल्याशिवाय त्याला हात लावायचे नाहीत. एकदा सुट्टीच्या दिवशी केसरनं मला ते बघायला नेलं आणि मिस्त्रींनी मला सगळं समजावलं. चौथीच्या पोरीला समजावं इतकं सोपं करून. चित्र दाखवायला एक मोठा प्रखर दिवा असतो, तो सगळ्यांना माहीत. पण आत, खाली, अंगठ्याएवढा आणखी एक दिवा असतो. तो आवाजाचा. फिल्मच्या कडेला भोकांशेजारी एक बारीक नक्षीदार रेघ असते, तोच आवाज. ह्या लहान दिव्याचा उजेड एका केसाएवढ्या फटीतून त्या रेघेवर पडतो, पलीकडे एक काचेचा डोळा तो उजेड झेलतो, आणि रेघ जशी हलते तसा कर्ण्यातून आवाज येतो.

"म्हणजे आवाज दिसतो?" मी विचारलं.

"दिखस ना! हाई देखा." त्यांनी फिल्मचा एक तुकडा उन्हाकडे धरला. कडेला दातेरी काळी रेघ होती, शेजारच्या चौकटीत एक बाई. "हाऊ आवाज. आनि हाई बाई त्या आवाजनी नही बरं का. चित्र आठे ऱ्हास, त्यानं बोलनं ईस चौकटी पुढे ऱ्हास. मानूस मांगे, आवाज पुढे."

केसरला ह्याचं एवढं हसू आलं की ती खाली बसली.

हा आवाजाचा दिवा मुंबईहून यायचा आणि यायला दहा-बारा दिवस लागायचे. म्हणून मिस्त्री त्याला फार जपत. पीळ, म्हणजे वीज कमीजास्त करायची खुंटी, हळूहळू फिरवून त्याला आधी लालसर करायचे, मग पिवळा, मग पांढरा. एकदम सगळी वीज दिली तर आतली तार तुटते. दुसरी एक सवय त्यांनी लावून घेतली होती. मुख्य चित्रपटाआधी एक सरकारी रीळ दाखवावं लागे: धरण, खत, लसीकरण. त्या वेळी लोक आत येत असत, जागेसाठी भांडत असत, भुईमुगाच्या शेंगा फोडत असत. ते रीळ कोण ऐकतं? म्हणून मिस्त्री ते मुकंच चालवायचे. आवाजाचा दिवा तेवढाच वाचायचा. आसपासच्या सगळ्याच तंबूवाल्यांची ही रीत होती, मालक शेठलाही ती पसंत होती.

आणि दिवा गेलाच तर? तर मिस्त्री पत्र्याच्या झरोक्याला तोंड लावून सगळे संवाद स्वतः म्हणायचे. राजाचे, राक्षसाचे, राणीचेही. एकदा राणीचा विलाप त्यांनी असा काही केला की बायकांच्या बाजूला म्हाताऱ्या खरंच रडल्या. दुसऱ्या दिवशी दिवा बसल्यावर लोक म्हणाले, "मिस्त्रीनीच रानी बरी व्हती." केसर ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज काढून दाखवायची, पण त्यांचा उल्लेख 'आमना मिस्त्री' असाच. नाव कधी नाही.

आपल्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, त्यात नवल काही नाही. उखाण्यात मात्र घ्यायचंच. पण केसरनं लग्नातही घेतलं नव्हतं. बायकांनी दार अडवलं, घास अडवला, ही पदर तोंडावर धरून हसत राहिली. शेवटी कंटाळून नणदेनंच तिच्या वतीनं म्हणून टाकलं. मिस्त्री माझ्यासमोर तिला चिडवायचे, "बठ्ठ्या जगना आवाज ऐकस मी. तुन्हा तोंडून मन्हं नाव कधय ऐकसू?" ती म्हणायची, "ऐकशात, ऐकशात. घाई कसानी शे?"

एका श्रावणात सरकारी फिल्मवाले आले. गावोगावचे सण टिपत फिरत होते. आमच्या गल्लीत कानबाई बसली होती. नारळाला नथ, पातळ, डोळे लावून देवी मांडलेली, पुढे रोटाचा नैवेद्य. त्यांना तेच हवं होतं. बायकांची गाणी, फुगड्या आणि उखाणे. चार दिवस आधी निरोप आला तेव्हा केसर माझ्या खोलीवर आली. दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "बाई, माले नाव लेवानं शे. मिस्त्री सुरतले मशीन दुरुस्तीले जायेल शे, तो आठे नही. तो नही तं माले जमी. मंग एक दिन तो सोता मशीनमा मन्हा आवाज लावी, आनि ऐकी. कशी गंमत व्हई!"

उखाणा तिनंच जुळवला होता. "कानबाईना मांडवमा नारयनी जोडी, सुपडूरावनं नाव लेस लाज सोडी." पण चार दिवस माझ्यासमोर सराव करताना ती नावाच्या जागी नुसती मान हलवायची. मी म्हटलं, "अगं, एकदा तरी तोंडातून काढ." म्हणाली, "तठेच काढसू."

मांडवात मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते. फिल्मवाल्यानं तिच्यासमोर काठीला बांधलेलं यंत्र धरलं. केसरनं पहिली ओळ खणखणीत म्हटली: "कानबाईना मांडवमा नारयनी जोडी..." मग थांबली. डोळे मोठे झाले. पदराचा बोळा तोंडावर गेला आणि ती हसत सुटली. खांदे हलत होते. बायका ओरडल्या, "ले ना ओ, ले ना!" फिल्मवाला म्हणाला, "बस, छान आलं," आणि पुढच्या बाईकडे वळला. नाव तिनं घेतलं नाही. घरी येताना ती मला म्हणाली, "त्याले नका सांगज्या बाई. पुढला साल पक्कं लिसू." मी 'बरं' म्हटलं.

पुढलं साल तिला मिळालं नाही. मार्गशीर्षात मुदतीचा ताप आला आणि एकविसाव्या दिवशी ती गेली. तंबू तेव्हा लागलेला होता. मिस्त्रींनी तेरा दिवस मशीनला हात लावला नाही. चौदाव्या दिवशी खेळ सुरू झाला. फक्त दिवा गेला तर ते संवाद म्हणायचे, ते कायमचं बंद झालं. फिल्मचं मात्र त्यांना माहीत होतं. केसरनं आजारपणात सांगितलं होतं, "मी फिल्ममा शे. वाट देखज्या." ते म्हणायचे, "बाई, तिनी नाव लिदं व्हई. कानबाईम्होरे लिदं व्हई." मी गप्प बसायचे. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडायचा कसा, असं मी मनाला सांगायचे; खरं तर त्यांच्या तोंडाकडे बघून सांगण्याची छाती मला झाली नाही.

चैत्रात एका शनिवारी मी बायकांच्या बाजूला बसले होते. सरकारी रीळ सुरू झालं, नेहमीसारखं मुकं. कुठल्या तरी डोंगरातली होळी, कुठल्या तरी गावचे बैल. आणि अचानक पडद्यावर आमची गल्ली. माझ्या शेजारची म्हातारी ओरडली, "केसर!"

पडदाभर केसर. ओठ हलत होते. आवाज नाही.

मागं पत्र्याच्या खोलीत काही तरी पडल्याचा आवाज आला. मिस्त्रींनी झरोक्यातून तिला पाहिलं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा पीळ एकदम पूर्ण फिरवला होता. आवाजाचा दिवा लख्ख पेटला आणि त्याच क्षणी त्याची तार तुटली. कर्ण्यातून एक 'टक' आला, बस. पडद्यावर केसरनं पदर तोंडावर धरला, खांदे हलले, आणि तिच्या जागी दुसरी बाई आली.

त्या संध्याकाळी मुख्य चित्रपटही मुकाच चालला. लोकांनी आरडाओरडा केला, शिट्ट्या मारल्या, "मिस्त्री, बोला ना!" म्हणून हाका घातल्या. झरोक्यातून एक शब्द आला नाही.

दिवा मुंबईहून यायला दहा दिवस. रीळ सोमवारी पहिल्या बसनं परत जायचं, तिथून पुढे खांडबाऱ्याच्या तंबूत. म्हणजे हातात एक रविवार. सकाळीच मिस्त्री कापसाच्या जिनिंगच्या ट्रकवाल्याकडे गेले आणि त्याच्या पाया पडून पुढच्या दिव्यातला एक बल्ब आणि बॅटरी घेऊन आले. मला म्हणाले, "बाई, तुम्ही चला. तुम्ही तठे व्हत्यात. दुसरं कोनी नको."

दुपारी रिकाम्या तंबूत मी एका खोक्यावर बसले आणि ते काम करत होते. ट्रकचा बल्ब त्या खोबणीत बसेना. त्यांनी पत्र्याची पट्टी कापून त्याला नवं बूड केलं. मग तार उभी निघाली. ह्या दिव्याची तार आडवी लागते, फटीच्या रेषेत. बल्ब फिरवून पुन्हा बसवला. मग उजेड फटीच्या वर पडायला लागला. सिगारेटचा चांदीचा कागद घडी घालून बुडाखाली सरकवला, एक घडी, दोन घड्या. पोस्टकार्डाचा तुकडा धरून त्यावर उजेडाची रेघ उमटते का ते डोळे बारीक करून पाहत होते. बोटं भाजत होती, ती तोंडात घालायची आणि पुन्हा लावायची. असे तीन तास गेले. सांगायचं तर तेव्हाच होतं. ते बूड कापत होते तेव्हा, चांदीचा कागद घडी घालत होते तेव्हा. प्रत्येक वेळी वाटे, आता सांगावं, आणि मनात येई की दिवा नाही लागला तर सांगायची वेळच येणार नाही.

दिवा लागला. कर्ण्यात घरघर झाली. मिस्त्रींनी रीळ चढवलं, ह्या वेळी पीळ फार हळू फिरवला. गल्ली आली. टाळ्या आल्या. आणि मग केसर, रिकाम्या तंबूभर:

"कानबाईना मांडवमा नारयनी जोडी..."

मिस्त्रींनी मशीनची कड धरली. आणि तिथंच, तिनं पदर उचलला तिथंच, एक जाडजूड पुरुषी आवाज शुद्ध भाषेत सुरू झाला: "असे हे आनंदी सण ग्रामीण जीवनात नवचैतन्य निर्माण करतात." त्या वाक्याखाली काही तरी होतं, बायकांचा गलका, चिवचिव. वाक्य संपलं तेव्हा पडद्यावर दुसरी बाई होती.

त्यांनी रीळ मागं घेतलं. पुन्हा लावलं. सात वेळा ऐकलं. आठव्या वेळी मशीन बंद करून माझ्याकडे वळले.

"बाई, त्या मानूसना आवाजखाले ती शे. पदरमांगे तिनी नाव लिदं ना? तुम्ही दोन हातवर व्हत्यात."

"माझं लक्ष नव्हतं हो, मिस्त्री," मी म्हणाले. "बायका ओरडत होत्या."

इतकं भित्रं वाक्य मी आयुष्यात दुसरं बोलले नाही.

सोमवारी रीळ गेलं, पण त्यातले पंधरा-सोळा फूट मिस्त्रींनी कापून ठेवले होते. आवाज वीस चौकटी पुढे असतो हे लक्षात ठेवून नेमके कापले होते. सांधा इतका सुरेख की कुणाच्या लक्षात आलं नाही. ती पट्टी ते तंबाखूच्या डब्यात ठेवायचे. तेव्हापासून त्यांनी गावाला नाव घेऊ द्यायचं बंद केलं. मला एकदा म्हणाले, "पहिले तिना तोंडनं ऐकू द्या. मंग कोनी बी हाक मारा."

पुढची सहा-सात वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी राहिले. वरून पाहणाऱ्याला काही कळलं नसतं. खेळ व्हायचे, ते बाजारात जायचे, माझ्या स्टोव्हची पिन बदलून द्यायचे. पण आठवड्याच्या सुट्टीच्या दुपारी तंबूतून केसरचा आवाज यायचा. पट्टीची दोन टोकं जोडून त्यांनी माळ केली होती, ती बांबूच्या चाकावरून मशीनमध्ये फिरत राहायची. नारयनी जोडी, नवचैतन्य. नारयनी जोडी, नवचैतन्य. मी वह्या तपासत असे आणि माझी लाल रेघ वाकडी जाई. बाजूच्या घरातली म्हातारी माझ्या ओट्यावर येऊन बसायची आणि म्हणायची, "ती पोर काही बोलाले देखी ऱ्हायनी. कोनी तरी तिले बोलू द्या ना."

त्यांचं म्हणणं असं की उजेड जाड आहे. बारीक उजेड मिळाला तर तो वरच्या आवाजाखाली शिरेल. म्हणून दिवे बदलत राहिले. ट्रकचा झाला, विजेरीचा झाला, मुंबईहून दोन प्रकारचे मागवले. दाढीची दोन पाती समोरासमोर लावून त्यांनी फट आणखी अरुंद केली. प्रत्येक नव्या दिव्याला तीच मेहनत, तोच चांदीचा कागद, तेच पोस्टकार्ड. मी एकदा शिक्षिकेचा आव आणून सांगितलं की दोन आवाज एका रेघेत मिसळले की वेगळे होत नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "प्रकाशा गावले गोमाई नदी तापीमा मियस ना, बाई? तरी कितलं तरी लांब दोन्ही पानी येगळं दिखस." पाणी मीही पाहिलं होतं.

पट्टी झिजत चालली. केसरचा आवाज खरखरायला लागला, पण तो जाडजूड आवाज काही झिजला नाही.

मग माझी बदली झाली. त्याच उन्हाळ्यात शेठनं तंबू मोडायचं ठरवलं. शहाद्याला पक्कं थिएटर झालं होतं, आमच्याकडे कोण येणार? मशीन भंगारात जायचं होतं. मी निघायच्या दिवशी दुपारी निरोप घ्यायला गेले तेव्हा ताडपत्र्या उतरल्या होत्या, नुसते बांबू उभे होते. मशीन उघड्यावर उन्हात. मिस्त्री त्याच्याजवळ पायरीवर बसले होते. केस बरेच पिकले होते, चष्मा लागला होता. डबा मांडीवर.

"बाई, तुम्ही जाई ऱ्हायन्यात. मशीनबी जाई ऱ्हायनं," ते म्हणाले. "आते शेवटलं इचारस. तुमनं लक्ष नही व्हतं, हाई माले पटत नही. तुम्ही वर्गकडे पाठ करीसनबी पोरी वळखतस. खरं सांगा. नही लिदं व्हई, तं नही म्हना. मी हाई पट्टी तापीमा सोडी दिसू आनि मोकया व्हसू. तुमनावर राग नही."

त्यांनी हे सगळं इतकं सरळ बोलून टाकलं की उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. नाही, मिस्त्री. हसली. नुसती हसली, आणि पुढच्या साली घेईन म्हणाली. एवढंच सांगायचं होतं. ते रडले असते. मग उठले असते, पट्टी नदीला दिली असती, पोस्टमनला नावानं हाक मारू दिली असती. हे मला आज दिसतं. तेव्हा मला दिसले ते त्यांचे दोन भाजलेले अंगठे, ज्यांच्यावर कातडी गुळगुळीत झाली होती. मला दया आली. दया म्हणून मी तोंड उघडलं.

"घेतलं होतं," मी म्हणाले. "पदराआड. हळूच. पण घेतलं होतं."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर वाटलं, बरं केलं. त्यांनी डबा छातीशी धरला.

"मंग शे," ते म्हणाले. "मंग आठेच शे ते. मन्हा उजेडच कमी पडना."

आणि उठून ते शेठच्या घराकडे जवळजवळ धावत गेले.

तासाभरानं माझी बस त्या मैदानावरून गेली. बाकीचं मशीन भंगारवाल्याच्या गाडीवर चढत होतं. आवाजाचा तेवढा भाग शेठकडून मागून घेऊन मिस्त्रींनी तो बांबूखाली जमिनीवर मांडला होता, शेजारी बॅटरी. एका हातानं ऊन अडवून दुसऱ्या हातानं ते दिवा बसवत होते. मी खिडकीतून हाक मारली, सगळ्या बससमोर, त्यांच्या नावानं.

त्यांनी वर पाहिलं नाही. ते तिची वाट पाहत होते.